रिप्लाय १९८८: दोक-सन आणि तेक यांचा संसार खरंच जमेल का?

पागोळी:

शेवटपर्यंतचे स्पॉयलर आहेत. वीसही भाग पाहून झाले नसतील तर हा धागा पुढे वाचू नका.

'रिप्लाय १९८८' या कोरियन मालिकेत दोक-सनचा नवरा कोण निघायला हवा होता, तेक की जंग-ह्वान, यावर २०१६ च्या जानेवारीत ती संपल्यापासून भांडणं चालू आहेत. त्यात भर घालायची नाही. तेक नवरा निघाला, विषय संपला. मला त्याच्या पुढचं विचारायचंय. दोक-सन आणि तेक हे नवरा-बायको म्हणून एकमेकांना मानवतील का? रोजच्या संसारात, पंधरा-वीस वर्षं? उत्तर मालिकेतल्या प्रसंगांवरूनच द्या. 'दोघं किती गोड दिसतात' हा पुरावा धरला जाणार नाही.

विसरलेल्यांसाठी थोडक्यात. सोलमधलं सांगमुन-दोंग, एकाच बोळातली पाच पोरं: दोक-सन, तेक, जंग-ह्वान, सन-वू आणि दोंग-र्योंग. दोक-सन तीन भावंडांत मधली. तिचं कुटुंब जंग-ह्वानच्या घराखालच्या अर्ध्या तळघरात भाड्याने राहतं, कारण बँकेत नोकरी करणारे वडील मित्राला जामीन राहून कर्जात बुडालेत. तेक हा बाडुकचा, म्हणजे काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या 'गो' या पटाचा, देशभर नावाजलेला खेळाडू. आई नाही, वडिलांचं घड्याळांचं दुकान.

आता माझ्या शंका. तेकला पटाबाहेरचं काही जमत नाही. बोळातले सगळे त्याला हातावरच्या फोडासारखं जपतात. चीनमध्ये स्पर्धेला गेला तेव्हा त्याला उठवण्यापासून खाऊ घालण्यापर्यंत सगळं दोक-सनने केलं. झोप लागत नाही म्हणून गोळ्या घेतो. दोक-सन आधीच घरात मन मारून राहिलेली मुलगी. तिला नवराही सांभाळावाच लागणारा मिळाला तर हा संसार झाला की आणखी एक ड्यूटी?

दुसरं, ती भडाभडा बोलणारी, तो अर्धं वाक्य बोलून हसणारा. तिसरं, तेकनेही एकदा काही कारण न देता माघार घेतली होतीच. मग तिच्यावर मनातल्या मनात प्रेम करणाऱ्या जंग-ह्वानने बोललं नाही म्हणून त्याला नापास करायचं आणि याला पास, हा कुठला न्याय?

———

अर्धविराम:

चांगला धागा. पण आधी हिशेब कसा मांडायचा ते ठरवू, नाहीतर जुनीच गाडी जुन्याच रुळावर जाते.

लोक कोणी दोक-सनसाठी काय केलं याची यादी करतात, आणि त्या यादीत जंग-ह्वान दर वेळी जिंकतो. मालिका तशीच रचलीय. तो जे करतो ते कॅमेरा जवळून दाखवतो. म्हणून यादीत आणखी एक रकाना हवा: यातलं दोक-सनला किती कळलं?

आता पाहा. सकाळी ती घराबाहेर पडेपर्यंत जंग-ह्वान बुटाच्या नाड्या बांधत रेंगाळतो. तिला पत्ता नाही. पाकिटात दोघांचा फोटो ठेवतो. तोही तिला कधी दिसत नाही, सापडतो तेकला. गच्च भरलेल्या बसमध्ये तिच्या दोन्ही बाजूंना हात रोवून गर्दी अडवतो. हे तिला दिसतं, पण अर्थ तिचा तिने लावायचा. पावसात छत्री घेऊन येतो. हेही दिसतं, पण सोबत शब्द काय, तर 'लवकर येत जा'. आणि तिने वाढदिवसाला दिलेला गुलाबी शर्ट? तो तिला त्याच्या भावाच्या, जंग-बोंगच्या अंगावर दिसतो. म्हणजे पाच प्रसंगांत दोन तिला कळलेच नाहीत, दोन अर्धे कळले आणि पाचवा चक्क उलटा कळला. प्रेक्षकाच्या हातात पाच पुरावे, तिच्या हातात जेमतेम एक. प्रेक्षक जंग-ह्वानच्या प्रेमात पडतो यात नवल नाही, पण लग्न प्रेक्षकाला करायचं नव्हतं.

हीच पट्टी तेकला लावू. सहाव्या भागाच्या शेवटी बर्फ पडायला लागतो आणि तो तिला फोन करून विचारतो, सिनेमाला येतेस का. थेट तिलाच, आडवळण नाही. मग मित्रांना सांगतो की मला दोक-सन आवडते, मैत्रीण म्हणून नाही. हे मात्र तिच्यापर्यंत पोचत नाही. पुढे जंग-ह्वानच्या पाकिटातला तो फोटो पाहिल्यावर ठरलेला सिनेमा रद्द करतो, आणि कारण सांगत नाही. इथे पागोळी यांच्याशी शंभर टक्के सहमत. ही तेकची सगळ्यात मोठी चूक आणि जंग-ह्वानच्या चुकीच्या जातीचीच. मित्रासाठी त्याग म्हणायचं, पण ज्या मुलीवरून हा त्याग चाललाय तिला कोणी विचारलंच नाही. दोघांनी तिला एकमेकांच्या पदरात टाकायचा प्रयत्न केला आणि ती मधल्या मधे आपलं काय चुकलं म्हणून बसली.

फरक पडतो तो अठराव्या भागात, १९९४ साली. दोक-सन संगीताच्या कार्यक्रमाला एकटीच ताटकळतेय हे दोघांनाही कळतं. तेक सामना सोडून येतो. जो माणूस पटावरून कधी उठला नाही तो उठतो, आणि ती डोळ्यांनी पाहते. जंग-ह्वान गाडी काढतो, पण लाल सिग्नल लागत जातात आणि तो पोचतो तेव्हा ती एकटी नसते. त्यानंतर तो स्वतःच कबूल करतो की दोष सिग्नलचा नव्हता, दर वेळी आपण जे कचरलो त्याचा होता. लेखिकेने इथे त्याची बाजू घ्यायची सोय ठेवली नाही, त्याच्याच तोंडून निकाल वदवला.

तर 'बोलला नाही' हा गुन्हा दोघांचाही. एकाने पुढच्या खेपेला तो दुरुस्त केला. दुसऱ्याने त्यानंतरही वायुदल अकादमीची अंगठी समोर ठेवली, सगळं मन उघडं केलं आणि लगेच ती थट्टा होती म्हणून हसला. अंगठी टेबलावरच राहिली. संसारात जमणं न जमणं इथे दिसतं. चूक दोघं करणारच, पण चुकीनंतर पुढच्या वेळी वेगळं वागतो का, एवढंच बघायचं.

आता सांभाळण्याचं. दोक-सनला घरात काय कमी पडलं ते नीट पाहा. पहिल्याच भागात तिचा वाढदिवस बहिणीच्या वाढदिवसात उरकला जातो, त्याच केकवर. अंडी थोरल्या बहिणीला, बो-राला, आणि धाकट्या भावाला, हिच्या वाटीत काळे सोयाबीन. कोळशाच्या विषारी वायूने घर गुदमरतं तेव्हा आई-बाप दोघांना उचलून बाहेर नेतात आणि ही स्वतःच सरपटत बाहेर येते. तिची तक्रार काम करावं लागतं ही कधीच नाही. 'मलाही अंडं आवडतं, कोणी विचारलं का?' ही आहे. तिला काम नको असतं, असं एकही दृश्य नाही. ऑलिम्पिकच्या संचलनात मादागास्करची पाटी धरायला महिनोन्महिने सराव करते, आणि तो देश आयत्या वेळी येत नाही म्हटल्यावर कोलमडते. कष्ट वाया गेल्याचं दुःख ते, कष्टांचं नव्हे.

म्हणून चीनच्या प्रवासाकडे मी उलटं पाहतो. भाषा येत नाही, तरी हातवारे करून ती खोली, जेवण, सगळं मार्गी लावते. शाळेत ९८९ वा नंबर काढणारी, घरात बावळट म्हणून गणलेली मुलगी तिथे सगळ्यांत कामाची ठरते. आणि तेक ते पाहतो. तिच्या घरात हेच काम रोज होतं, पण पाहणारं कोणी नव्हतं.

———

खारीकखोबरं:

अर्धविराम, मांडणी चोख, पण तुम्ही एक गोष्ट सोयीस्करपणे टाळलीत. मालिकेत २०१५ सालचे प्रौढ दोक-सन आणि तिचा नवरा मुलाखत देताना दिसतात. तो नवरा बघा. टोमणे मारतो, तुसडेपणाने बोलतो, बायकोची खेचतो. हा अठरा वर्षांचा तेक मोठा झाल्यावर असा होईल? तो तर अख्खा जंग-ह्वान आहे. शेवटच्या भागापर्यंत ओळख लपवायची म्हणून त्या पात्राला मुद्दाम संदिग्ध लिहिलं, आणि मग उघड करताना सांधा जुळला नाही. तुमचा जो पुरावा 'वीस वर्षांनंतर' म्हणून हवाय तो मालिकेत आहे, पण बनावट आहे.

आणि यामागचं कारण ज्यांनी आधीच्या दोन मालिका पाहिल्यात त्यांना माहीत आहे. २०१२ ची 'रिप्लाय १९९७' आणि २०१३ ची 'रिप्लाय १९९४', दोन्हींत हेच कोडं: नायिकेचा नवरा कोण? दोन्ही वेळा उत्तर निघालं लहानपणापासून सोबत असलेला, वरून खडूस आणि आतून हळवा पोरगा. त्यामुळे तिसऱ्या वेळी अर्ध्या कोरियाने पहिल्या दोन आठवड्यांतच जंग-ह्वानवर शिक्का मारला. दिग्दर्शक तोच, लेखिका तीच. या खेपेला त्यांना प्रेक्षकाला चकवायचं होतं. चकवण्यासाठी काय करावं लागतं? नायिकेचं मन झाकावं लागतं. कारण ती कोणाकडे झुकतेय हे दाखवलं की कोडं फुटलं.

त्याचा परिणाम मोजून बघा. सुरुवातीला मैत्रिणी सांगतात सन-वूला तू आवडतेस, म्हणून तिला सन-वू आवडायला लागतो. मग मैत्रिणी सांगतात जंग-ह्वान, तर जंग-ह्वान. त्यानंतर दोंग-र्योंग तिला विचारतो, तू कोणाला आवडतेस ते सोड, तुला कोण आवडतं? मालिकेतला सगळ्यांत मोलाचा प्रश्न. आणि त्याचं उत्तर ती कधी शोधते, हे पडद्यावर येतच नाही! तिथून उडी थेट १९९४. मधली वर्षं गुल. बीजिंगच्या हॉटेलात चुंबन होतं तेव्हा आपल्याला कळतं की पूर्वीही एकदा झालं होतं, तेक गोळीच्या गुंगीत असताना, आणि तिने दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही असं दाखवून त्याला ते स्वप्न वाटू दिलं.

म्हणजे लपवण्यात तीही कमी नाही. तुमचा रकाना तिलाही लावा: तेकला तिचं किती कळलं?

माझं मत: ही दोघं जमतील की नाही हे ठरवायला लागणारा मालच मालिकेने दाबून ठेवलाय. न जमणारी जोडी आहे असं मी म्हणत नाही. अर्धी लिहिलेली जोडी आहे.

———

रिकामटेकडा:

प्रौढ नवऱ्याबद्दल +१००. किम जू-ह्योक फार गुणी नट होता, २०१७ ला अपघातात गेला. पण त्या भूमिकेत त्याला बहुतेक सांगितलंच नसावं की तू नक्की कोण आहेस ;) हा माझा अंदाज, पुरावा मागू नये.

बाकी जंग-ह्वानला सिग्नल आडवे आले म्हणून रडणाऱ्यांनी एकदा आपल्या शहरात संध्याकाळी सहाला गाडी काढून बघावी. वेळेत पोचायचं तर आधी निघावं लागतं.

———

शेजारीण:

तुम्ही सगळे मनाबद्दल बोलताय, मी जरा घरादाराबद्दल बोलते. लग्न जमवताना आपल्याकडे जे पाहतात ते या मालिकेत भरपूर आहे आणि त्याकडे कोणी बघत नाही.

पहिलं, नात्यांचा गुंता. दोक-सनची थोरली बहीण बो-रा आणि सन-वू यांचं लग्न होतं. सन-वूची आई विधवा, तेकचे वडील विधुर, ते दोघं एकत्र संसार थाटतात. म्हणजे सन-वू आणि तेक सावत्र भाऊ. मग तेक-दोक-सन लग्न झालं की सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा, आणि दोघींची सासू एकच! आपल्याकडे यात कोणी वावगं मानणार नाही, उलट 'एकाच मांडवात उरका' म्हणतील. कोरियात त्याच दोन घरांत दुहेरी सोयरीक अवघडल्यासारखी मानतात. एकोणिसाव्या-विसाव्या भागात ती दोघं चोरून भेटतात, घरी ताकास तूर लागू देत नाहीत, त्याचं हे खरं कारण. नुसतं लाजणं म्हणून ते बघू नका.

त्यात बो-रा आणि सन-वूचं वेगळंच लचांड. दोघांचं आडनाव सुंग, मूळ कूळही एक. तिथे एकाच कुळातल्या स्त्री-पुरुषांच्या लग्नाला कायद्याचीच बंदी होती. आपल्याकडचा सगोत्र विवाहाचा प्रश्नच की हा! फरक एवढा की आपल्याकडे १९४६ च्या कायद्याने सगोत्र लग्न वैध ठरलं, आणि कोरियात १९९७ साली घटनात्मक न्यायालयाने ती बंदी घटनाविरोधी म्हणेपर्यंत ती लागू होती. मधे मधे सरकार थोड्या काळापुरती सूट देऊन नोंदणी करू द्यायचं, तेवढीच फट. तेव्हा घरात पहिलं लग्न आयांशी भांडून झालेलं असताना, लगेच धाकटीने त्याच घरात दुसरं काढायचं म्हणजे केवढी हिंमत लागेल बघा. आणि दोक-सन ती मधली मुलगी, जी घरातल्या गडबडीत आपलं मागणं गिळते. तेकशी जमतं की नाही याची खरी परीक्षा इथे होती: यावेळी ती आपलं मागणं गिळते का? नाही गिळत. मालिकेने त्यांचं लग्न दाखवलं नाही, बो-राचं दाखवलं, हे मला खटकतं. पुन्हा मोठीचाच मांडव. केकची गोष्ट परत झालीच.

दुसरं, नोकऱ्या. १९९४ ला दोक-सन हवाई सुंदरी. जंग-ह्वान वायुदलाचा वैमानिक, तळ साचनला, म्हणजे देशाच्या पार दक्षिण टोकाला. सोलला यायचं तर सुट्टी जुळवून. ती आंतरराष्ट्रीय फेऱ्यांवर, तो तळावर, दर थोड्या वर्षांनी बदली. ज्याला समोर बसूनही बोलता येत नाही त्याच्याशी दोन गावांतून संसार? ट्रंककॉलच्या जमान्यातल्या फौजी बायका करतात तसा, पण ते निभवायला पत्रात तरी मोकळं होणारा माणूस लागतो. तेक सोलमध्ये राहतो, सामना असेल तेव्हा बाहेर, नसेल तेव्हा घरी. ती रात्री दोनला उड्डाणावरून आली तर हा जागाच असणार आहे, झोप कुठे लागते त्याला. पागोळी, तुम्हाला जो दोष वाटतो तो या दोन वेळापत्रकांत चक्क बसतो.

तिसरं, पैसा. जंग-ह्वानचं घर एकेकाळी बो-राच्या घरापेक्षा वर नव्हतं, जंग-बोंगला ऑलिम्पिकची लॉटरी लागली आणि वर आले. दोक-सन त्यांच्याच तळघरातली भाडेकरू. जंग-ह्वानची आई मनाने मोठी आहे, कबूल, शेजारणीला न मागता हात देते. पण घरमालकाची सून होणं आणि शेजारणीची मुलगी असणं यात फरक असतो, आणि दोक-सनला 'आपण कमी' हे वाटायला फार लागत नाही. तेकच्या घरी ते ओझं नाही. त्याची खोली हा लहानपणापासून पाचही जणांचा अड्डा. तिथे ती पाहुणी म्हणून कधी गेलीच नाही. सासर म्हणजे जिथे आपण वर्षानुवर्षं पाय पसरून मालिका बघितल्या ती खोली, याहून सोपं काय हवं.

———

खारीकखोबरं:

शेजारीण, जावांचा मुद्दा जबरदस्त, तो माझ्या डोक्यातच आला नव्हता. पण एकाच सासूचा फायदा की तोटा? बो-राशी दोक-सनचं केस ओढण्यापर्यंतचं भांडण आहे.

———

शेजारीण:

केस ओढणाऱ्या बहिणी जावा झाल्या की सासूचं काही खरं नसतं. दोघी एक होतात.

———

पागोळी:

सगळ्यांचे आभार, दोन शंका फिटल्या, एक उरली.

रात्रपाळी आणि निद्रानाश जुळतात हे गमतीत ठीक, पण गोळ्यांवर झोपणारा माणूस थकलेल्या बायकोला आधार देईल का? अर्धविराम म्हणतात तो तिचं काम 'पाहतो'. पाहणं वेगळं आणि उचलणं वेगळं. तेकने दोक-सनसाठी सामना सोडला ही एक मोठी गोष्ट झाली. संसार मोठ्या गोष्टींवर चालत नाही. एखादा छोटा, रोजचा प्रसंग दाखवा जिथे तो तिचं ओझं हलकं करतो.

आणि खारीकखोबरं म्हणतात तो प्रश्नही: तेकला तिचं किती कळतं?

———

अर्धविराम:

रास्त. छोटे प्रसंग आहेत, पण ते तेकच्या करण्यात शोधले तर हाती फार लागत नाही. तो ऐकण्यात सापडतो. अड्ड्यावर सगळे एकाच वेळी बोलत असतात, सन-वू आणि जंग-ह्वान एकमेकांची उणीदुणी काढतात, दोंग-र्योंग नाचतो. त्या गोंधळात दोक-सन काही बोलली की फ्रेमच्या कडेला कोण तिच्याकडे बघतंय ते बघा. जंग-ह्वान तिच्यावर शेरा मारतो, तेक तिच्या वाक्यावर हसतो. पार्श्वभूमीत चालणारी गोष्ट आहे, पहिल्या खेपेला सुटते.

आणि उलट बाजूचा प्रसंग जास्त महत्त्वाचा. तेक महत्त्वाचा सामना हरतो तेव्हा बोळातली मोठी माणसं चवड्यांवर चालतात, कोणी विषय काढत नाही. ही पोरं खोलीत घुसतात आणि सरळ विचारतात, हरलास म्हणे? आणि तो हसतो, मोकळा होतो. जगात सगळे त्याला देवघरातल्या मूर्तीसारखं वागवतात, आणि त्याला हवं असतं कोणीतरी साधं बोलणारं. दोक-सन त्याला लहान पोराच्या टोपणनावाने हाक मारते, दटावते, सतत बडबडते. तुम्ही विचारलं होतं ती बोलकी, तो अबोल, कसं होणार? त्याच्या घरात वर्षानुवर्षं बाप-लेक दोघंच, तेही दोघं न बोलणारे. मुलाखतीत विचारतात आईची आठवण कधी येते, तर उत्तर येतं 'रोज'. तेवढाच एक शब्द. त्या घराला बडबड लागतेच. यात तिने वेगळं काही करायचं नाही, ती आहे तशी असणं पुरतं. सांभाळणं आणि आहे तसं असणं यात हाच फरक.

उचलण्याबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने येतो. तेक भांडी घासेल, दळण आणेल याचा एकही पुरावा वीस भागांत नाही. १९९४ च्या कोरियात तो असता तर आश्चर्य वाटलं असतं, पण नाही म्हणजे नाही. जंग-ह्वान या बाबतीत उजवा. घरात आई नसताना तो वडील-भावाचं पाहतो, भावाचं वैमानिक होण्याचं स्वप्न भावाचं हृदय साथ देत नाही म्हणून स्वतःच्या खांद्यावर घेतो. करणारा मुलगा आहे. घर चालवायला माणूस हवा असता तर त्याला झुकतं माप द्यावं लागलं असतं.

तेकला तिचं किती कळतं? बीजिंगमध्ये तो विचारतो ते आठवा: तेव्हाही ते स्वप्न नव्हतं ना? म्हणजे इतकी वर्षं त्याने ती शंका जपून ठेवली होती आणि तिने नाही म्हटलेलं त्याला पुरतं पटलं नव्हतं. दोक-सन खोटं बोलते तेव्हा त्याला ते जाणवतं, फक्त तो रेटत नाही, वेळ जाऊ देतो. बाडुकवाल्याची खोड ती. चाल दिसते, पण लगेच खेळत नाही. याचा धोका मोठा आहे, कारण संसारात अशी पाच-पाच वर्षं थांबून चालत नाही, आणि दोघंही गोष्ट पोटात ठेवणारे असले तर कोणीतरी दोंग-र्योंग लागतो, खोलीत येऊन तोंडावर विचारणारा.

———

खारीकखोबरं:

हे पटलं. ही जोडी दोघांची नाहीच, तिघांची आहे. दोंग-र्योंगला शेजारी फ्लॅट घेऊन द्या.

———

पागोळी:

:-) मान्य. मग परत बघायचं तर कुठले भाग? वीसही बघायला वेळ नाही, एकेक भाग दीड-दीड तासाचा.

———

अर्धविराम:

या प्रश्नापुरतं: पहिला संपूर्ण (केक, अंडी, आणि वडील रात्री वेगळा केक घेऊन बोळात येतात तो शेवट). सहावा, निदान शेवटची वीस मिनिटं. चीनची स्पर्धा असलेला भाग, तो चुकवू नका, जोडी म्हणून ती दोघं पहिल्यांदा तिथे उभी राहतात. मग अठरा, एकोणीस, वीस सलग. अठरावा बघताना अंगठीच्या दृश्यात जंग-ह्वानकडे न बघता दोक-सनच्या चेहऱ्याकडे बघा. त्याने थट्टा म्हटल्यावर ती हसते, पण तिचा चेहरा हसायला एक क्षण उशीर करतो. माझ्या मते तिथे तिला सगळं कळलेलं आहे, आणि ती ते टेबलावरच ठेवून उठते.

सबटायटल्स इंग्रजी लावणार असाल तर एक सूचना. कोण कोणाशी कुठल्या पातळीवर बोलतंय, मानाने की बरोबरीने, ते त्यात येत नाही. पाचही जण एकमेकांशी अरे-तुरेच्या भाषेत बोलतात. सन-वू बो-राला ताई म्हणणं कधी सोडतो तेही बघा, त्या जोडीचं सगळं त्यात आहे.

———

शेजारीण:

सन-वू आणि बो-रावर वेगळा धागा काढा कोणीतरी. त्यांचं जमतं का, यावर मला बरंच लिहायचंय, आणि सासूच्या बाजूने.